शेगडीकाकूचे सात किलो

शेगडीकाकूनं कुठल्याही नव्या बाळाचं तोंड आधी पाहिलं नाही. ती आधी तळपाय पाहायची. बाकीच्या बाया दुपटं बाजूला करून नाक कोणावर गेलं, कपाळ कोणाचं घेतलं असं करत वाकलेल्या असायच्या, आणि काकू पायाकडून दुपटं उघडून बाळाचा तळवा स्वतःच्या गालाला लावून डोळे मिटून उभी राहायची. "तोंडाचं काय, तोंड बदलते," ती म्हणायची. "पाय थंडे हायेत का ते पाहा." पाय थंड निघाले की घरातल्या सगळ्यांची हजेरी घेतली जायची. पंखा कोणी लावला, दार कोणी उघडं ठेवलं, लेकराची आजी काय करून राह्यली होती, असं एकेकाचं नाव घेऊन. पाय गरम असले तर मात्र ती काहीच बोलायची नाही. पदर खोचायची आणि शेगडी पेटवायला अंगणात निघून जायची.

ती माझी चुलती. माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका लवकर गेले, पोटी मूल नव्हतं, आणि अल्लीपूरचं घर न् थोडं वावर एवढं धरून ती राहिली. ती दाई नव्हती, नर्स नव्हती. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की मग काकूचं काम सुरू व्हायचं. तीळतेलात ओवा, लसूण आणि आणखी काय काय कढवून तिनं तेल केलेलं असायचं. त्या तेलानं आईला आणि बाळाला मालिश, कढत पाण्यानं अंघोळ, मग बाजेखाली शेगडी ठेवून शेक, आणि शेवटी ओव्याची धुरी. शेगडीत गाईच्या शेणाच्या गोवऱ्याच पाहिजेत, कोळसा चालायचा नाही. "कोळसा भडकते," ती म्हणायची, "गोवरी ऊब देते." आमच्या गोतावळ्यातलं एकही बाळंतपण तिच्या शेगडीवाचून गेलं नाही, म्हणून तिचं नाव शेगडीकाकू. तोंडावर सगळे काकूच म्हणायचे. पाठीमागे शेगडीकाकू म्हणायचे, आणि ते तिला माहीत होतं.

ती शेगडी म्हणजे काही मोठी वस्तू नव्हती. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून हिंगणघाटच्या एका लोहारानं करून दिलेली, तीन पाय आणि वरून धरायला तारेची कडी. काकू ती एस.टी.त मांडीवर घेऊन बसायची. एकदा ती आमच्या एका चुलत बहिणीच्या बाळंतपणाला समुद्रपूरच्या गाडीत चढली, तेव्हा मी सोबत होतो. कंडक्टर म्हणाला, "बाई, निखारे घेऊन चढून राह्यली का?" काकू म्हणाली, "राख हाय बाप्पा. निखारे तुया डोक्यात हायेत." अख्खी गाडी हसली. कंडक्टर पण हसला आणि पुढची सीट त्यानं स्वतः खाली करून दिली. मग समुद्रपूर येईपर्यंत काकू त्याला त्याच्या बायकोचं तिसरं बाळंतपण कसं सांभाळायचं ते सांगत होती. तो तिकिटं फाडायची विसरत होता.

मला पण तिनंच शेकलेलं आहे. माझ्या मुलीला, स्नेहलला, तर माझ्या डोळ्यांदेखत. त्या दिवसांत आमच्या हिंगणघाटच्या दोन खोल्यांत इतका धूर असायचा की मी अंगणात उभा राहून डोळे पुसायचो. काकू दारातून ओरडायची, "तू काऊन रडून राह्यला गा? बाळंत ते झाली." माझी बायको सुनंदा आतून हसायची. मला हसू यायचं नाही. खरं सांगायचं तर मला त्या सगळ्याची तेव्हाच किळस येऊ लागली होती. मच्छरदाणीला वास, ऑफिसच्या शर्टाला वास, डब्यातल्या पोळीला वास. कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात माझ्या टेबलाशेजारचा माणूस नाक मुरडायचा आणि मी खाली पाहायचो. काकूला कधी बोललो नाही. मी बोलणारा माणूसच नाही. लोक याला माझा चांगुलपणा समजतात. मी पण बरीच वर्षं तेच समजत होतो.

आता जे लिहायचं आहे ते मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

स्नेहल लग्न होऊन बंगलोरला गेली. तिला दिवस गेले, आणि बाळंतपणाच्या महिनाभर आधीच सुनंदा तिकडे जाऊन राहिली. स्नेहलनं फोनवर एकच धोशा लावला, शेगडीआजीला आणा. मी जाणार होतो, तेव्हा मीच काकूला विमानानं घेऊन यायचं ठरलं. काकूनं विमान फक्त कापूस वेचताना डोक्यावरून जाताना पाहिलेलं. तिनं एका शब्दानं विचारलं नाही की भीती वाटेल का, कान दुखतील का. म्हणाली, "पोट्टीनं बलावलं ना? मंग झालं."

दोन दिवसांनी सुनंदाचा फोन आला. "हे पाहा, डॉक्टरांनी साफ सांगितलं आहे, बाळाजवळ धूर अजिबात नको. अन् इथं फ्लॅटमध्ये छताला धुराची घंटी लावली आहे, उदबत्ती लावली तरी वाजते. जावयांना तर वासानंच मळमळतं. काकूला तुम्ही नीट समजावून सांगा, तिचं मन न दुखवता. मालिश करू दे, अंघोळ घालू दे, पण शेक-धुरी नाही. सांगाल ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

त्यासाठी मी मुद्दाम अल्लीपूरला गेलो. काकू मागच्या अंगणात गोवऱ्या उन्हात मांडत होती. लहान लहान, वाटीएवढ्या, हातानं मुद्दाम थापलेल्या. "गावरान गाईच्या हायेत," ती म्हणाली. "तिथी भेटत नसतीन. हात लावून पाहा, कशा खडखडीत वाळल्या." मी हात लावला नाही. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते एवढंच, की काकू, विमानात हातातल्या पिशवीत सात किलोच नेता येतं.

"सात? बरं. अन् काय काय नाई चालत?"

"पाहून सांगतो," मी म्हणालो आणि चहा न घेता निघालो.

मी पाहिलं. त्याच दिवशी पाहिलं. विमान कंपनीनं तिकिटासोबत मोबाइलवर सगळं पाठवलेलं होतं, चित्रं काढून, पहिल्यांदा जाणाऱ्या माणसालाही कळेल असं. आगपेटी कुठल्याच सामानात चालत नाही. सुकं खोबरं चालत नाही, त्यात तेल असतं आणि ते पेट घेतं. कापूर नाही. तेलाची बाटली हातातल्या पिशवीत नाही, पण नीट बांधून मोठ्या बॅगेत जाऊ शकते. काय उचलून आपल्याजवळ ठेवायचं, काय खाली पाठवायचं, काय घरीच ठेवायचं, सगळं स्वच्छ होतं. मी ते दोनदा वाचलं. मला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आणि वाचता वाचता मला सुटका दिसली. मी कशाला वाईट व्हायचं? काकूला 'तुझा शेक नको' म्हणायची पाळी माझ्यावर कशाला? विमानतळावर गणवेशातलं माणूस आहे, त्याचं कामच ते आहे. ते सगळं काढून घेईल. काकू दोन शिव्या सरकारला देईल आणि गप बसेल. सुनंदाचं काम होईल, आणि मी मात्र चांगलाच राहीन. हा विचार मनात आला तेव्हा मला लाज वाटली नाही. हलकं वाटलं. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण त्या हलकं वाटण्याचीच मला आज सगळ्यात जास्त शिसारी येते.

काकूचे फोन येत राहिले. शेजारच्या पोराच्या मोबाइलवरून. "बापू, पायलं का गा?" "नाही काकू, कामात आहे." "बापू, तेल चालते का?" "पाहतो." मग तिनं विचारणं सोडलं. जे एक सांगितलं होतं ते मात्र तिनं जिवापाड पाळलं. गावातल्या कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्यावर ती पिशवी घेऊन गेली. वजन जास्त भरलं तर तिनं स्वेटर काढला. पुन्हा तोललं. मग नेसायचं दुसरं पातळ काढलं. मग आपल्या गुडघ्याला लावायच्या मलमाची डबी काढली. गोवऱ्या, खोबरं, डिंक, ओवा, तेल, शेगडी यातलं काही काढलं नाही. नागपूरच्या रस्त्यावर गाडीत तिनं मला हे सगळं हसत हसत सांगितलं. "सात म्हंजे सात. काटेवाला म्हणे, मावशी, एवढं बरोब्बर तं आमी कापूसबी तोलत नाई."

ड्रायव्हर मोठ्यानं हसला. मी खिडकीबाहेर पाहत होतो. मागे डिकीत मोठी बॅग होती, तिच्या आणि माझ्या दोघांच्या वाट्याची, मीच भरलेली. तुरीची डाळ, सुनंदाच्या साड्या, बाळाची खेळणी. तेलाची एक बाटली तिच्यात सहज बसली असती.

विमानतळावर सामान देण्याच्या खिडकीशी एक पाटी उभी केलेली होती. तिच्यावर न चालणाऱ्या वस्तूंची चित्रं होती. खिडकीतल्या मुलीनं मला विचारलं, यातलं काही तुमच्या सामानात आहे का? मी म्हणालो, "नाही." दोघांच्या वतीनं म्हणालो. काकू मात्र त्या पाटीपुढे उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण चित्र ते चित्रच. तिनं माझी बाही ओढली.

"बापू, आगपेटीचं चित्र हाय तिथी. अन् त्याच्यावर लाल फुली हाय."

"चल काकू, उशीर होतोय."

"माह्या पिशवीत हाय ना पण आगपेटी."

"ते आपल्यासाठी नाही," मी म्हणालो. "चल."

आणि ती चालली. मी सांगितलं म्हणून चालली. हे वाक्य मी कित्येक दिवस मनात निरनिराळ्या तऱ्हांनी बोलून पाहिलं आहे, पण त्याला दुसरा अर्थ काही लागत नाही.

तपासणीत माझं सामान पुढं निघून गेलं. काकूची पिशवी पट्ट्यावर थांबली, मागं गेली, पुन्हा पुढं आली. बायांची तपासणी वेगळ्या पडद्याआड होते, तिथून काकू डोक्यावरचा पदर सारखा करत बाहेर आली. सुरक्षेतल्या बाईनं विचारलं, "ये बैग किसका है?" मी कमरेचा पट्टा घालत होतो. पट्टा घालत राहिलो.

"माहा हाय, बाई."

"माताजी, खोलिए."

काकूनं गाठ सोडली. बाईनं हातमोजे घातले होते. एकेक वस्तू ती निळ्या ट्रेमध्ये ठेवत गेली. खोबऱ्याच्या वाट्या. कापराची पुडी. आगपेटी. तेलाची बाटली, बुचाला वरून कापड बांधलेली. काकू तिच्या परीनं हिंदीत एकेकाची ओळख करून देत होती, जशी नव्या सुनेला घरातल्या माणसांची करून द्यावी. "ये सूखा नारियल हाय, लाडू में डालने का. ये तेल मैंने खुद कढाया, छोटे बच्चे का." बाई ऐकत होती. वाईट नव्हती ती. मग तिनं फडक्यातली पुरचुंडी उघडली आणि त्यातली एक गोवरी दोन बोटांनी वर उचलली.

"ये क्या है, माताजी?"

आजूबाजूचे लोक पाहू लागले. एक चांगले कपडे घातलेली तरुण मुलगी मागं सरकली. आणि त्या शांततेत कोणीतरी "शी!" म्हणालं.

ते मी म्हणालो होतो.

कोणी मला विचारलं नव्हतं. म्हणायची काही गरज नव्हती. त्या लोकांना कळावं की मी या बाईसोबत नाही, एवढ्यासाठीच ते तोंडातून आलं असावं. ज्या धुरात मी वाढलो, ज्या उबेनं माझी हाडं घट्ट केली, तिच्याबद्दल ते आलं. काकूनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आवाज ओळखीचा वाटला तर माणूस वळून पाहतो, तसं.

बाई म्हणाली, "ये सब नहीं जायेगा, माताजी. कोई छोड़ने आया है तो बाहर दे दीजिए. आपके साथ कौन है?"

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.

वरून काकूचा आवाज आला. "हाय एक. पर उसको कुछ मालूम नाई, बाई. वो साधा हाय."

नाडी बांधून मी उभा राहिलो तेव्हा सगळं डब्यात गेलेलं होतं. काचेसारखा आरपार दिसणारा मोठा डबा होता तो. त्यात लोकांचे लायटर, कात्र्या, अर्ध्या प्यालेल्या बाटल्या. त्यावर काकूचं तेल आडवं पडलं होतं आणि कापड बांधलेल्या बुचातून हळूहळू गळत होतं. अंगणात उन्हाकडे तोंड करून मांडलेल्या गोवऱ्या त्या लायटरांवर पालथ्या पडल्या होत्या.   डिंक आणि ओवा त्या बाईनं राहू दिला. शेगडी तिनं उलटीपालटी करून पाहिली, आत हात घालून पाहिला आणि म्हणाली, "ये चलेगा."

काकूनं शेगडी पिशवीत ठेवली. पिशवी उचलून पाहिली आणि म्हणाली, "आता मोप जागा झाली. सेटर आणला असता तं बसला असता."

विमानात थंडी होती. ती पदर अंगाभोवती गुंडाळून बसली. मी माझा रुमाल तिला दिला, काय उपयोगाचा होता तो कोण जाणे. तिनं घेतला आणि मांडीवर ठेवला. बंगलोर येईपर्यंत तो तसाच घडी घातलेला तिथं होता. 

स्नेहलला मुलगा झाला. दवाखान्यात बाळ काकूच्या हातात दिलं तेव्हा मी आणि सुनंदा दोघंही तिच्याकडे पाहत होतो. सुनंदा आधीच म्हणाली, "काकू, पाय गरम आहेत हं, मी पाहिले." काकूनं पायाला हात लावला नाही. तिनं बाळाचं तोंड पाहिलं. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "चांगला हाय." जशी कोणीही परकी बाई म्हणते.

नंतर घरी गेल्यावर स्नेहल तिच्या मागं लागली. "आजी, मालिश तरी करून दे नं. कंबर किती दुखते माझी."

"माह्यापाशी तेल नाई, बाई."

"हे घे, आणलंय न आईनं."

काकूनं दुकानातल्या त्या बाटलीचं झाकण उघडून वास घेतला आणि पुन्हा लावलं. "माहे हात थंडे हायेत," ती म्हणाली. "थंड्या हातानं नाई करू."

मालिशला एक बाई ठेवली. ती यायची तेव्हा काकू बाल्कनीत जाऊन बसायची. शेगडी तिथंच एका कोपऱ्यात होती. सुनंदा मला एकीकडे घेऊन म्हणाली, "काकूनं काहीच हट्ट नाही केला हो. मला किती धाक होता. तुम्ही छान समजावून सांगितलेलं दिसतं."

"हो," मी म्हणालो.

काकू परत यायला निघाली ती ठरल्यापेक्षा लवकर, आणि विमानानं नाही. "मले रेल्वेत बसवून दे." मी सोबत आलो. शेगडी ती तिथंच विसरली, असं मी समजलो. गाडीत समोरासमोर बसलो होतो. बल्लारशा मागं पडलं, कापसाची, पऱ्हाटीची वावरं दिसायला लागली, तेव्हा ती खिडकीकडे पाहत म्हणाली, "बापू, तुले तं वाचता येते."

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"त्या पाटीवर काय लिहेल होतं, तुले माहीत होतं."

गाडीचा आवाज होता. 

"सुनंदीले धूर नको होता, हेबी तुले माहीत होतं. मले तिच्या तोंडावर दिसलं, पोचल्या पोचल्या." मग ती माझ्याकडे वळली. "एक शब्द बोलला असता, बापू. काकू, नको आणू. एवढाच. म्या सोता घरी ठेवून आली असती. हात तं गरम घेऊन आली असती. लोकाइच्या डब्यात नसतं टाकू देलं."

हिंगणघाट आलं. मी तिची पिशवी उचलली. रिकामीच होती.

त्यानंतर ती कोणाच्याही बाळंतपणाला गेली नाही. समुद्रपूरहून बोलावणं आलं, तर तिनं निरोप पाठवला की आता डॉक्टर सांगते तसंच करा. माझ्याशी ती पहिल्यासारखीच बोलायची, कापसाचं, पावसाचं, गुडघ्याचं. हा विषय तिनं परत काढला नाही आणि मी पण काढला नाही. दोन वर्षांनी हिवाळ्यात ती झोपेतच गेली. अल्लीपूरला पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलेलं होतं, जिथं ती गोवऱ्या मांडायची तिथं. रीतीप्रमाणं पायावर डोकं ठेवायचं असतं. मी डोकं ठेवलं आणि मग, कोणी पाहत नाही असं पाहून, तिच्या तळव्याला गाल लावला. डोळे मिटायला मला जमलं नाही.

गेल्या महिन्यात स्नेहलला दुसरं मूल झालं, मुलगी. मी बंगलोरला गेलो. फ्लॅटवर बाळाच्या खोलीत एसी लावलेला होता. सगळे तोंडाशी वाकले होते, नाक कोणाचं, हनुवटी कोणाची. मी पायाकडून दुपटं उघडलं आणि तळवा गालाला लावला. थंड होता.

"एसी बंद करा," मी म्हणालो.

सगळ्यांनी चमकून पाहिलं, कारण अमुक करा असं मी सहसा कोणाला सांगत नाही. जावयांनी उठून बंद केला. स्नेहल हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. "बाबा, शेगडीआजी!" सुनंदा पण डोळे पुसत म्हणाली, "शेवटी शेवटी किती समजूतदार झाली होती हो काकू. तुम्ही एकदा सांगितलं न् तिनं ऐकलं."

तेव्हा मी सांगितलं. एसी बंद झाल्यानं खोलीत आवाज नव्हता, त्यामुळं सगळं नीट ऐकू गेलं. मोबाइलवर वाचलेलं, पाटीवरचं आगपेटीचं चित्र, कमरेचा पट्टा, बुटाची नाडी, डब्यात गळणारं तेल, आणि मी सगळ्यांसमोर काढलेला तो आवाज. स्नेहलनं बाळाला जवळ ओढून घेतलं. सुनंदा माझ्याकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे असं कधी पाहिलेलं नव्हतं.

"शी," ती म्हणाली.

मग उठून ती बाल्कनीत गेली. तिथं राहिलेल्या काकूच्या शेगडीत स्नेहलनं कोरफड लावली होती. येणारे-जाणारे तिचं कौतुक करायचे म्हणे. सुनंदानं ती कोरफड मातीसकट उपटून बाजूला ठेवली आणि नळाखाली शेगडी घासायला घेतली.